सतराव्या वर्षी ग्रीसला पाठवायचं का?

पत्र थोडक्यात असं: "माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, यंदा बारावीला. चिंचवडच्या एका फुटबॉल क्लबकडून डिफेन्सिव्ह मिडफिल्डला, म्हणजे बचावफळीच्या पुढे मधल्या फळीत खेळतो. सहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला बालेवाडीला एफसी पुणे सिटीची मॅच दाखवली, तेव्हापासून त्या संघातला ग्रीक मिडफिल्डर कोस्तास कात्सुरानिस त्याचं दैवत. आता एक एजंट म्हणतो, ग्रीसच्या तिसऱ्या विभागातल्या क्लबात तीन आठवड्यांची ट्रायल आणि लगेच प्रोफेशनल करार मिळवून देतो. सात लाख रुपये आणि पासपोर्ट द्या. मुलाचं म्हणणं, कात्सुरानिसही ग्रीसमध्येच घडला. त्याचे वडील घरातलं सोनं मोडायला तयार झालेत. त्यातच कोच म्हणतात, मुलाला स्ट्रायकर करू, गोल केले तरच कुणाचं लक्ष जाईल. काय करावं?" – एक आई, चिंचवड

ताई,

सोनं मोडू नका आणि पासपोर्ट कुणाच्याही हातात देऊ नका. मुलाला मात्र सरळ "नाही" म्हणून गप्प बसवू नका, कारण त्याने दैवत चांगलं निवडलंय. त्या माणसाची कारकीर्द वर्षावार त्याच्यासमोर ठेवली, तर एजंटला काय उत्तर द्यायचं हे त्याचं त्यालाच कळेल.

आधी नियम. खेळाडूंची नोंदणी आणि बदली यांविषयीच्या फिफाच्या नियमावलीत कलम १९ आहे. अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही, असं ते सांगतं. सवलती मोजक्या आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर, युरोपीय संघाच्या देशांमध्येच बदली असेल तर सोळाव्या वर्षापासून काही अटींवर, खेळाडूचं घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तर, आणि निर्वासित मुलांसारख्या आणखी एक-दोन वेगळ्या परिस्थितींत. चिंचवडचा मुलगा यातल्या कशातही बसत नाही. नोंदणी नसेल तर तो अधिकृत सामन्यात पाऊल टाकू शकत नाही, मग करारावर सही कितीही सुंदर असो. आज तो सतराचा आहे, म्हणजे "लगेच करार" हे आश्वासन पहिल्याच पायरीवर कोसळतं.

दुसरी गोष्ट त्या तिसऱ्या विभागाची. ग्रीसमध्ये सर्वांत वर सुपर लीग १, तिच्याखाली सुपर लीग २ आणि तिसरी पातळी गामा एथनिकी. ही तिसरी पातळी हौशी गणली जाते. तिथे परदेशातून आलेल्या कोवळ्या मुलाला प्रोफेशनल करार मिळेल असं जो सांगतो, त्याला ग्रीक फुटबॉलची रचना माहीत नाही किंवा तुम्हाला ती माहीत नसावी अशी त्याची अपेक्षा आहे. वरच्या दोन पातळ्यांवरही युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंसाठी जागा मर्यादित असतात. त्या जागा क्लब तयार खेळाडूंवर खर्च करतो, शिकाऊ मुलावर नाही.

व्हिसाचंही ऐका. अशा सौद्यांमध्ये बहुधा शेंगेनचा, म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी एकच असलेला टुरिस्ट व्हिसा काढून देतात. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, पगार घेऊन काम करता येत नाही. खरा करार असेल तर दीर्घ मुक्कामाचा राष्ट्रीय व्हिसा आणि निवास परवाना लागतो, त्यासाठीची कागदपत्रं क्लबकडून येतात आणि अर्ज तुमच्या नावाने, तुमच्या देखत होतो. मधल्या माणसाने "व्हिसाचं मी बघतो, तुम्ही फक्त पासपोर्ट द्या" म्हटलं की उठून यायचं.

हे सौदे फसतात ते साधारण एकाच क्रमाने. आधी क्लबच्या लेटरहेडवर आमंत्रण येतं. मग "जागा पक्की करायला" निम्मे पैसे मागतात. मुलगा विमानतळावर उतरतो तेव्हा त्याला घ्यायला क्लबचा नाही, दुसराच कुणी मध्यस्थ येतो. एका खोलीत पाच-सहा मुलं, सराव कुठल्या तरी भाड्याच्या मैदानावर, आणि ज्या क्लबचं नाव सांगितलं होतं त्याचा कोच तिथे फिरकतही नाही. तीन आठवड्यांनी "कोचला आवडला नाही" एवढंच कळतं. ट्रायल तर झाली, म्हणून पैसे परत मागायला तोंड उरत नाही. ही चूक तुमच्या एकट्याच्या घरात होऊ घातलेली नाही. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या असंख्य घरांनी ती करून पाहिली, आणि कलम १९ इतकं कडक आहे त्यामागे तेही एक कारण आहे.

आता कात्सुरानिस. मुलाला शेजारी बसवून हा भाग वाचा.

त्याचा जन्म २१ जून १९७९ चा, पात्रास या बंदराच्या शहरातला. १९९६ मध्ये, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयात, तो पानाहाइकी या आपल्या गावच्याच क्लबच्या संघात आला. हा क्लब १८९१ चा, जुना आणि मानाचा, पण अथेन्सच्या बड्या क्लबांच्या तुलनेत लहान. कधी पहिल्या विभागात, कधी दुसऱ्या. तिथे तो सहा वर्षं राहिला. सतरा ते तेवीस. या सहा वर्षांत त्याला दर आठवड्याला मोठ्या माणसांविरुद्ध पूर्ण सामने मिळाले. डिफेन्सिव्ह मिडफिल्डर घडतो तो अशाच मिनिटांतून. या जागेवर वेगापेक्षा अंदाज लागतो, आणि अंदाज शेकडो सामन्यांच्या चुकांमधून येतो. बड्या क्लबच्या बाकावर बसून तो येत नाही.

२००२ मध्ये अथेन्सच्या एईके क्लबने त्याला घेतलं. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये एईकेच्या गटात रेआल माद्रिद, रोमा आणि गेंक होते, आणि एईकेने सहाच्या सहा सामने बरोबरीत सोडवले. माद्रिदच्या बेर्नाबेउ मैदानात संघ दोन गोलनी मागे असताना पहिला गोल परत केला तो कात्सुरानिसने. सामना २-२ सुटला. पात्रासहून येऊन त्याला जेमतेम काही महिने झाले होते. तो तिथे उभा राहू शकला, कारण निघाला तेव्हा तयार होता.

राष्ट्रीय संघात तो आला २००३ मध्ये, चोविसाव्या वर्षी. ४ जुलै २००४ ला लिस्बनच्या लूझ मैदानात पोर्तुगालविरुद्धच्या युरो (युरोपीय देशांची स्पर्धा) अंतिम सामन्यात ग्रीसचा मिडफिल्डर कारागुनिस निलंबित होता. कोच ओटो रेहागेल यांनी मधल्या फळीत झागोराकिस आणि बासिनास यांच्यासोबत कात्सुरानिसला उतरवलं. बासिनासचा कॉर्नर, हारिस्तेआसचं हेडर, ५७ वं मिनिट, १-०. दोन वर्षांनी लिस्बनच्याच बेनफिका क्लबने त्याला घेतलं, म्हणजे ज्या मैदानात तो युरो जिंकला होता तेच त्याचं घरचं मैदान झालं. ग्रीसबाहेर तो पहिल्यांदा खेळायला गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्याला तिथे नेणारे फेर्नांदो सांतोस आधी एईकेमध्ये त्याचे कोच होते, पुढे राष्ट्रीय संघाचेही झाले. ओळखीच्या कोचने खेळ पाहून बोलावलं, हे मुलाच्या कानावर घाला. त्या बदलीत घरच्यांनी आगाऊ पैसे भरायचा प्रश्नच नव्हता.

पुढचं भराभर. २००९ ला अथेन्सचा पानाथिनाइकोस क्लब, तिथे पहिल्याच मोसमात लीग आणि कप दोन्ही. २०१२ ला ग्रीसमधलाच पाओक क्लब. २०१४ चा विश्वचषक आटोपून आपला पुण्याचा मोसम, वय पस्तीस, कोच फ्रँको कोलोंबा. बालेवाडीत गोव्याविरुद्धच्या २-० विजयात एक गोल फ्रान्सच्या दाविद त्रेझेगेचा आणि दुसरा कात्सुरानिसचा. मुलाला विचारा, त्या दोघांचं जुनं नातं ठाऊक आहे का. २००४ च्या युरो उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सच्या आघाडीला त्रेझेगे होता आणि समोर ग्रीसकडून कात्सुरानिस. ग्रीसने तो सामना १-० जिंकला. दहा वर्षांनी दोघं एकाच जर्सीत बालेवाडीला. नंतर अथेन्सचा आत्रोमितोस आणि मेलबर्नमधल्या ग्रीक वस्तीने उभा केलेला हायडेलबर्ग युनायटेड. देशासाठी एकूण ११६ सामने आणि १० गोल.

हा दहाचा आकडा तुमच्या कोचना दाखवा. ११६ सामने खेळवून घेतले गेले ते दहा गोलांसाठी नव्हे. या जागेचा खेळाडू निवडणारे लोक गोलांची यादी बघत नाहीत; चेंडू मिळण्याआधी तो काय करतो ते बघतात. सतराव्या वर्षी जागा बदलून स्ट्रायकर केलं, तर दहा वर्षं त्या जागेवर खेळलेल्या मुलांशी गाठ पडेल आणि आतापर्यंतची कमाई वाया जाईल. कोचना मान देऊनच सांगा, पण जागा बदलू देऊ नका. दुसरी जागा शिकवायचीच असेल तर सेंटर-बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधली जागा शिकवा. ८ जून २०१२ ला वॉर्सात पोलंडविरुद्ध पहिल्याच अर्ध्यात ग्रीसचा एक सेंटर-बॅक जखमी झाला आणि दुसऱ्याला लाल कार्ड मिळालं. कात्सुरानिस एक ओळ मागे सरकला आणि दहा जणांच्या संघाने १-१ बरोबरी राखली. अशा खेळाडूला कोच संघाबाहेर ठेवत नाही.

सरावात काय बदलायचं ते नेमकं सांगतो.

पहिलं, मान वळवणं. दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखा. मुलगा मधे, एक जण समोरून पास देणारा, एक जण पाठीमागे दोन रंगांची बिब (सरावात जर्सीवर घालायची बंडी) हातात घेऊन. पास निघण्याआधी मागचा माणूस एक बिब वर करतो. मुलाने चेंडू येईपर्यंत मागे बघून रंग ओरडायचा आणि त्या रंगाच्या ठरलेल्या बाजूला पहिल्या स्पर्शातच वळायचं. दोन मिनिटं खेळ, एक मिनिट विश्रांती, अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. बहुतेक मुलं इथे एकच चूक करतात: पास पायातून सुटल्यावर मागे बघतात. तोवर उशीर झालेला असतो, चेंडू पायावर आदळतो आणि तोंड आपल्याच गोलकडे राहतं. बघायचं ते पास देणारा चेंडूवर पाय नेत असताना. अंग सरळ समोर न ठेवता अर्धवट तिरकं, म्हणजे एका खांद्यावरून पुढचं मैदान दिसतं.

यात तुमची मदत लागेल, ताई. सामन्याला फोन ट्रायपॉडवर लावा, मध्यरेषेजवळ आणि जमेल तितका उंच. एका अर्ध्यात कॅमेरा चेंडूवर न ठेवता मुलावर ठेवा. घरी आल्यावर त्याला मिळालेला प्रत्येक पास घ्या आणि त्याआधीच्या दहा सेकंदांत मान किती वेळा वळली ते वहीत लिहा. एकदाही नाही असे पास किती निघाले, तो आकडा त्याने स्वतः मोजावा. दर महिन्याला एक सामना पुरे.

दुसरं, बॉक्समध्ये उशिरा शिरणं. मधल्या फळीतून गोल होतात ते असेच. गोलपासून साधारण पंचवीस मीटरवर थांबायचं. विंगर शेवटचा स्पर्श करून मान वर उचलेल तेव्हा धावायचं, त्याआधी नाही. लवकर गेलं की सेंटर-बॅक आरामात शेजारी येऊन उभा राहतो. उशिरा गेलं तर बचावातले सगळे आपल्या गोलकडे तोंड करून धावत असतात आणि मागून येणारा त्यांना दिसत नाही. एका सरावात बारा धावा, सहा उजव्या बाजूच्या क्रॉसवर आणि सहा डाव्या. संघातला दुसरा मिडफिल्डर तेव्हा मागे थांबलाच पाहिजे, नाहीतर चेंडू हरवला की मधलं मैदान मोकळं. हे आधी बोलून ठरवायचं.

तिसरं, कार्ड. यातही त्याच्या दैवताचाच धडा आहे आणि तो लपवू नये. १९ जून २०१४, नाताल, जपानविरुद्धचा विश्वचषक सामना, कात्सुरानिस कर्णधार. ३८ व्या मिनिटाला हासेबेवर उशिरा टॅकल, दुसरं पिवळं, बाहेर. ग्रीसने ०-० धरून ठेवलं हे संघाचं श्रेय. ११६ सामन्यांच्या माणसाकडूनही हे झालं, कारण या जागेवर प्रत्येक पलटवार अडवायचा मोह होतो. एक पिवळं मिळालं की तीन नियम पाळायला सांगा: जमिनीवर घसरायचं नाही; समोरच्यापासून दीड-दोन मीटरवर थांबून त्याला बाहेरच्या बाजूला ढकलायचं; आणि त्यांचा सर्वांत चपळ खेळाडू आपल्या पट्ट्यात येत असेल तर शेजारच्या मिडफिल्डरशी दहा-पंधरा मिनिटं बाजू बदलायची.

शरीरासाठी महागडं काही नको. फिफाचा ११ प्लस वॉर्म-अप प्रत्येक सरावाआधी, आठवड्यातून किमान दोनदा. आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगाने धावणं. त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, म्हणजे गुडघ्यावर बसून घोटे कुणीतरी धरायचे आणि अंग सावकाश पुढे सोडायचं, तो मुलं टाळतात कारण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. सुरुवातीला तीन ते पाच वेळाच करायचा. पहिल्याच दिवशी पंधरा केले की आठवडाभर चालता येत नाही आणि मग तो कायमचा सुटतो.

कागदपत्रांकडे आतापासून लक्ष द्या. मुलगा बाराव्या वर्षापासून कुठल्या मोसमात कुठल्या क्लबकडे नोंदलेला होता, याची भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रणालीतली नोंद तपासा. नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी अक्षरशः जुळली पाहिजे. पुढे त्याची पैसे देऊन आंतरराष्ट्रीय बदली झाली, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात: १२ ते १५ च्या प्रत्येक मोसमाला एकूण रकमेच्या पाव टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येक मोसमाला अर्धा टक्का. चिंचवडच्या त्या छोट्या क्लबचाही हा हक्क आहे. नोंदी नीट ठेवण्यात त्यांचाही फायदा आहे, हे सांगितलंत तर काम लवकर होईल.

अठरा पूर्ण झाल्यावर, बारावी हातात असताना, बाहेरची वाट बंद नाही. आधी इथल्या मोठ्या क्लबांच्या युवा आणि राखीव संघांत मिनिटं मिळवू दे. तेव्हा एखादा परदेशी करार खरंच आला तर चार जागी बोट ठेवा. पगाराची तारीख आणि रक्कम ठोक आहे का. दुखापत झाली तर उपचार आणि पगार कोण देणार. मुदत एकतर्फी वाढवायचा हक्क फक्त क्लबला दिलाय का (असेल तर ते कलम काढायला लावा). आणि ग्रीक प्रतीसोबत इंग्रजी प्रत आहे का. पगार थकणं हे ग्रीसच्या खालच्या पातळ्यांवरचं जुनं दुखणं आहे. फिफाचा नियम असा की दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडू लेखी नोटीस देऊन क्लबला १५ दिवस देतो आणि तरी पैसे आले नाहीत तर करार सोडू शकतो. ग्रीक व्यावसायिक खेळाडूंची स्वतःची संघटना आहे. सही करण्यापूर्वी करार त्यांना दाखवता येतो.

या आठवड्यात दोनच कामं करा. एजंटकडून त्याचा फिफा परवाना क्रमांक लेखी मागा आणि फिफाच्या संकेतस्थळावरच्या यादीत त्याचं नाव स्वतः शोधा. परवानाधारक एजंटचं मानधन करार झाल्यावर, पगाराच्या टक्क्यांत निघतं. ट्रायलच्या आधी घरच्यांकडून लाखो रुपये हा त्या धंद्याचा रीतसर मार्ग नव्हे. दुसरं, त्या ग्रीक क्लबचा ईमेल पत्ता क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, आमंत्रणावर छापलेला नको. त्यावर इंग्रजीत चार ओळी पाठवा: मुलाचं नाव आणि जन्मतारीख, आमंत्रणाचा फोटो, "हे पत्र तुमच्याकडून आलंय का" आणि "अठराच्या आतल्या भारतीय खेळाडूची नोंदणी तुम्ही कलम १९ च्या कुठल्या सवलतीखाली करणार आहात". मेल मुलालाच लिहू द्या. उत्तर आलं तर त्यानेच ते वडिलांना वाचून दाखवावं, आणि दोन आठवड्यांत आलं नाही तर तेही.